‘घरात आणखी कुणाला असं होतं का?’

(या वेळचं पत्र लिहून नाही, बोलून आलं आहे. ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदलले आहेत, बाकी शब्द त्यांचेच.)

“नमस्कार ताई. मला लिहायचं जमत नाही म्हणून बोलून पाठवतोय, चालेल ना? मी घणसोलीला राहतो, मूळचा साताऱ्याकडचा. वय ४१. रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला फिटर आहे. मुलगा ९ वर्षांचा, चौथीत, इंग्लिश मीडियमला. तोंडी काही विचारा, फटाफट सांगतो. मी मोटर उघडून बसलो तर कुठला स्क्रू कुठला हे माझ्याआधी त्याला कळतं. पण पुस्तक उघडलं की संपलं. रविवारी संध्याकाळी पोट दुखायला लागतं. परवा त्याचं वाचनाचं पुस्तक वॉशिंग मशीनच्या मागे सापडलं, भिंतीला टेकवून उभं केलेलं.

शाळेने चिठ्ठी दिली, एज्युकेशनल सायकॉलॉजिस्टला दाखवा. ठाण्याला नेलं, तीन शनिवार गेले. पहिल्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघांना बसवून बरंच काही विचारलं. कधी चालायला लागला, कधी बोलायला लागला. त्यातच विचारलं, घरात आणखी कुणाला वाचायला-लिहायला असा त्रास होता का? मिसेसनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नाही.

ताई, मला होता. अजून आहे. गावच्या शाळेत मला ‘ढ’ म्हणूनच हाक मारायचे, गुरुजींची काठी तर रोजची. आयटीआयला प्रॅक्टिकल पहिल्या नंबरात, थिअरी दोनदा राहिली. आज सुपरवायझर हो म्हणतात तर मी नको म्हणतो, कारण शिफ्टचं लॉगबुक लिहायला लागतं. ट्रान्स-हार्बरला बरं आहे, ठाण्याहून वाशी, नेरूळ, पनवेल कुठलीही गाडी घ्या, घणसोलीला थांबते. वाचायला लागत नाही. मेन लाइनला मात्र इंडिकेटर बघून छातीत धडधडतं.

आता रिपोर्ट आला. वाचन आणि लेखनाची अध्ययन अक्षमता, शिवाय शाळेची भीती, असं लिहिलंय म्हणे. पुढच्या शनिवारपासून थेरपी सुरू करा सांगितलंय. मी खोटं बोललो म्हणून रिपोर्ट चुकीचा ठरतो का? थेरपी लावली की पोराच्या नावावर कायमचा शिक्का बसेल का? भाऊ म्हणतो, मराठी शाळेत टाक, सगळं ठीक होईल; आणि वर हसतो, ठाण्यालाच नेताय ना, मग तिकडेच ठेवा. मला काही हसू आलं नाही. आणि शेवटचं, या वयात माझं काही होण्यासारखं आहे का? नसलं तरी चालेल, पोराचं सांगा.”

नमस्कार भाऊ,

तुमचा निरोप मी दोनदा ऐकला. मध्येच एक गाडी गेली आणि तुम्ही ‘थांबा हं’ म्हणून थांबलात, म्हणजे स्टेशनवर उभं राहून बोलत होतात. घरात बोलला नाहीत. ‘मी म्हटलं, नाही’ तिथे आवाज इतका खाली गेला की तेवढा तुकडा मला मागे घेऊन ऐकावा लागला. हे उत्तर तुम्हाला बोलूनच पाठवलं आहे. इथे छापलंय ते बाकीच्यांसाठी, तुम्हाला कुणाकडून वाचून घ्यायला नको.

रिपोर्ट चुकीचा ठरत नाही. तो तुमच्या एका उत्तरावर उभा नाही, तुमच्या मुलाने तीन शनिवार आत बसून जे केलं त्यावर उभा आहे. तुम्ही बाहेर बाकावर होतात आणि आत काय चाललंय हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही, म्हणून सांगते. आधी डोळे आणि कान तपासून आणायला सांगतात, कारण फळाच दिसत नसेल तर पुढचं सगळं फुकट. मग बुद्ध्यांकाची चाचणी. ठोकळे जुळवायचे, आकडे उलट क्रमाने म्हणायचे, दोन गोष्टींत सारखं काय ते सांगायचं, चित्रात काय राहिलंय ते ओळखायचं. आपल्याकडे मुलांसाठी बऱ्याच ठिकाणी मालिन यांची चाचणी वापरतात. ती १९६९ साली नागपुरात भारतीय मुलांसाठी बेतली गेली. ती कागदावर वाचून सोडवायची नसते, बरंचसं तोंडी आणि हाताने असतं. मोटरचे स्क्रू ओळखणारा तुमचा मुलगा तिथे चांगला चालला असणार.

त्यानंतर वाचन, शुद्धलेखन, श्रुतलेखन, उतारा उतरवून काढणं, गणितं. यात एक गंमत असते. मुलाला काहीही अर्थ नसलेले शब्द वाचायला देतात, ‘टिपोक’, ‘लमूर’ असले. नेहमीचे शब्द मूल आकारावरून पाठ करून ठेवू शकतं. ‘टिपोक’ पाठ करून ठेवलेला नसतो. तिथे अक्षर आणि आवाज यांची गाठ पडते की नाही ते उघडं पडतं. बुद्धी ठीक, कान-डोळे ठीक, शाळा बुडालेली नाही, आणि तरी वाचन वर्गाच्या दोन-तीन इयत्ता मागे, असं दिसलं की मग तो शब्द लिहितात जो तुम्हाला बोलताना अडखळायला झाला. विशिष्ट अध्ययन अक्षमता. त्यातल्या वाचनाच्या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. सिनेमा-बिनेमा बघून लोकांना वाटतं की अक्षरं उलटी दिसली की डिस्लेक्सिया. उलटं-सुलटं तर पहिलीतली निम्मी मुलं लिहितात. खरी अडचण शब्दाचे आवाज सुटे करण्यात असते.

मग तो प्रश्न कशाला विचारतात? कारण हे घरातून येतं. उंची येते, कुरळे केस येतात, तसंच. आई-वडिलांपैकी कुणाला असेल तर मुलाला असण्याची शक्यता बरीच वाढते. आणि निदान करणाऱ्याला त्याचा उपयोग होतो: घरात मराठी, शाळेत इंग्रजी, तर हा नुसता भाषेचा गोंधळ असेल का, ही शंका प्रत्येक वेळी असते. वडिलांना मराठी शाळेत मराठीच वाचता येत नव्हतं हे कळलं की त्या शंकेचं वजन कमी होतं. ‘थांबून बघू, मोठा झाला की सुटेल’ असं म्हणायलाही मग जागा राहत नाही. तुमचं सुटलं नाही, तुम्हीच सांगताय.

तेव्हा सांगून टाका. मॅडमना फोन करा, शनिवारची वाट बघू नका. ‘मागच्या वेळी एका प्रश्नाला मी चुकीचं उत्तर दिलं होतं, ते दुरुस्त करायचंय’ एवढं एक वाक्य पुरे. पुढचं त्या विचारतील: तुम्ही बोलायला उशिरा लागलात का, कुठे अडायचं, आता काय अडतं. दहा मिनिटांचं काम आहे. त्या रागावणार नाहीत. खरं सांगू का, त्यांनी तुमच्या मिसेसची नजर पाहिलेली असणार. आमच्या कामात उत्तरापेक्षा उत्तराच्या आधीची नजर जास्त बोलते. पण तुम्ही ‘नाही’ म्हणालात, म्हणून त्यांनी ‘नाही’ लिहिलं.

आणि मिसेसना कळेल का, अशी धाकधूक तुमच्या बोलण्यात मला ऐकू आली. भाऊ, बँकेचे फॉर्म कोण भरतं तुमच्या घरी? गॅसचं पुस्तक, शाळेची डायरी, सोसायटीची नोटीस? इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना हे माहीत नसेल असं खरंच वाटतं तुम्हाला? त्यांनी तुमच्याकडे बघितलं ते विचारायला नव्हे, तुम्ही सांगताय का ते बघायला.

आता शिक्का. त्यासाठी ठाण्याचं आधी मिटवते, मी इथलीच आहे. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. तेव्हापासून अख्ख्या महाराष्ट्राला ‘ठाण्याला पाठवा’ हा विनोद पुरलाय. ठाण्याच्या माणसाला तो लग्नात, नाटकाच्या मध्यंतरात, कुठेही ऐकावा लागतो, आणि आम्हीही बावळटासारखे हसतो. पण हेच ते गाव जिथे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली आणि साधी, नोकरी-संसार करणारी माणसं जिने चढून मनाबद्दल बोलायला जाऊ लागली. तुमच्या भावाचा विनोद एका पिढीने मागे आहे. त्याला समजवत बसू नका. त्याला रिपोर्ट दाखवायचीही गरज नाही.

शिक्का तर तुमच्या मुलावर बसलेलाच आहे. ‘आळशी’, ‘लक्ष नाही’, ‘मोबाईल बघतो म्हणून’. तुमच्यावर ‘ढ’ बसला होता. असं सांगतात की ब्राह्मी लिपीपासून इतकी अक्षरं बदलली पण ढ होता तसाच राहिला, म्हणून न सुधारणाऱ्या पोराला ‘ढ’ म्हणायची रीत पडली. खरं-खोटं देव जाणे. पण यात माझाही हात आहे. शिक्षिका म्हणून पहिली काही वर्षं मी प्रगतिपुस्तकात ‘हुशार आहे, पण कष्ट घेत नाही’ असं लिहीत असे. ते वाक्य मला तेव्हा कौतुकाचं वाटायचं. त्या मुलाने आदल्या रात्री एका पानाशी दीड तास झटापट केलेली असू शकते, हे माझ्या डोक्यातही यायचं नाही. तेव्हा आम्हा कुणाकडेच त्यासाठी शब्द नव्हता. १९९५ च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते, त्यात हा नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, आणि मुलांमध्ये ती लवकरात लवकर ओळखून शिकवण्यात बदल करणं हे शाळांचं काम ठरलं. तुम्ही चौथीत होतात तेव्हा गुरुजींकडे काठीच होती.

एक फरक मात्र नीट लक्षात घ्या, इथे पुष्कळ पालकांची गल्लत होते. मॅडमनी दिलाय तो रिपोर्ट. सरकारी प्रमाणपत्र वेगळं. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती मिळतात त्या प्रमाणपत्रावर, आणि ते नेमून दिलेल्या रुग्णालयातूनच मिळतं, तिथे पुन्हा तपासणी होते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातलं अध्ययन अक्षमतेचं क्लिनिक त्यासाठी जुनं आणि माहितीतलं आहे. नवी मुंबईतल्या तुमच्या शाळेला कुठलं चालतं ते शाळेकडून लेखी घ्या. केंद्राच्या सूचनांप्रमाणे आठ वर्षांच्या आधी हे प्रमाणपत्र देत नाहीत, आणि १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासतात. म्हणजे तुमचा मुलगा आता बसतो त्यात, पण चौथीत बोर्डाची घाई नाही. आज त्याला प्रमाणपत्रापेक्षा शिकवणारं माणूस जास्त हवंय. ते माणूस आधी शोधा, कागद पुढच्या वर्षी केलात तरी चालेल. फार तर नववीच्या आधी हातात असू द्या.

आणि अख्खा रिपोर्ट शाळेला द्यायलाच हवा असं नाही. तो तुमचा आहे. शाळेसाठी एका पानाचं पत्र मॅडमकडून मागून घ्या: वर्गात मोठ्याने वाचायला उभं करू नये, शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत, तोंडी उत्तर चालवून घ्यावं, फळ्यावरचं उतरवायला वेळ द्यावा. बाईंना बुद्ध्यांकाचा आकडा कळून काही उपयोग नाही, झाला तर अपायच.

थेरपी, थेरपी म्हणतात त्यात तुमच्या मुलासाठी दोन वेगळी कामं आहेत आणि बहुधा दोन वेगळी माणसं. एक रेमेडियल, म्हणजे उपचारात्मक शिकवणी. ती विशेष शिक्षक करतात. आवाज सुटे करायचे, जोडायचे, एक-एक अक्षर डोळ्यांनी, कानाने, वाळूत बोट फिरवून पक्कं करायचं, मग पुढचं. ट्यूशन नव्हे. ट्यूशनमध्ये तेच पान पाचव्यांदा वाचून घेतात. याला वेळ लागतो, वर्ष-दोन वर्षं धरून चला, आणि रोज घरी पंधरा मिनिटं. महिन्याभरात धडाधडा वाचेल असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

दुसरी मनाची. पोट दुखतं ते खोटं नाही. एकदा बालरोगतज्ज्ञाला दाखवून घ्या, बाकी काही नसेल तर ते सोमवारचंच दुखणं आहे. थेरपिस्ट नऊ वर्षांच्या मुलाला समोर बसवून ‘काय वाटतं तुला?’ असं विचारत नाहीत. पहिल्या दोन-तीन वेळा तुम्हाला वाटेल की पैसे देऊन पोरगं पत्ते खेळतंय. खेळता-खेळता मुलाची ओळख होते, मग भीतीचे तुकडे पाडतात. वर्गासमोर वाचणं ही सगळ्यात वरची पायरी. त्याच्या खाली बाईंना एकट्याला वाचून दाखवणं, त्याखाली तुम्हाला, त्याखाली घरातल्या कुत्र्या-मांजराला. खालून सुरुवात. पोटदुखी किती वेळा झाली याची साधी नोंद ठेवा, कॅलेंडरवर टिंब केलं तरी चालेल. तीन महिन्यांनी टिंबं कमी झाली नसतील तर मॅडमना सरळ विचारा, आता काय बदलायचं. विचारायला लाजू नका, फी तुम्ही भरताय.

फीवरून आठवलं. एका बैठकीचे किती, आठवड्यातून किती बैठका, दर किती दिवसांनी आई-वडिलांशी बोलणार, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. आणि नोंदणी विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असोत की विशेष शिक्षक, भारतीय पुनर्वास परिषदेत त्यांची नोंद असते, क्रमांक असतो, आणि चांगली माणसं तो न चिडता दाखवतात. ‘समुपदेशक’ अशी पाटी तर कुणीही लावतं. तुम्हाला आता चहूकडून सल्ले येतील म्हणून आधीच सांगते: बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारे, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे मिडब्रेनवाले, यांना शास्त्राचा काही आधार नाही. डिस्लेक्सियावर गोळी नाही. कुणी शेजारी खारघरची केंद्र सरकारची संस्था सुचवतील. ती खरी आहे, चांगलं काम करते, पण तिचं मुख्य काम बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी. तुमच्या मुलाची गोष्ट ती नाही.

मराठी शाळेचं मी थोडं थांबून बोलते, कारण तुमच्या भावाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. सी-यू-टी कट, मग पी-यू-टी पुट का, हे इंग्रजीत कुणीच सांगू शकत नाही, पाठ करायचं. मराठीत क म्हणजे क. त्यामुळे अशी मुलं मराठी बऱ्यापैकी बिनचूक वाचू लागतात, पण हळू. शिवाय देवनागरीचे आपले डाव आहेत. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, तोंडात नंतर येते. ‘कर्म’मध्ये र डोक्यावर, ‘क्रम’मध्ये पायाशी, ‘ट्रक’मध्ये तिसरीच तऱ्हा. घ-ध, म-भ, प-ष हे जुळे भाऊ. तुम्ही मराठी शाळेतच होतात ना? तेव्हा शाळा बदलली की त्रास जातो, असं नाही. मला स्वतःला मूल घरच्या भाषेत शिकावं असंच वाटतं, पण ते पहिलीच्या वेळी. आता चौथीच्या मध्यावर, मित्र आहेत, बाई ओळखीच्या आहेत, भीती आधीच पोटात आहे, तर वर्षभर काही हलवू नका. मॅडमनी मराठी वाचनही तपासलं का, एवढं मात्र विचारा. डिस्लेक्सिया तपासायची मराठीतली साधनं आता आहेत. नसेल तपासलं तर तपासून घ्या, म्हणजे शिकवणी कुठल्या भाषेतून सुरू करायची ते ठरेल.

मार नको, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. दहा वेळा लिहून काढ, तेही नको. रात्री तुमच्या मिसेस त्याला गोष्ट वाचून दाखवू शकतात. कानाने भाषा वाढू द्या, डोळे मागून येतील.

आता तुमचं. ‘नसलं तरी चालेल’ म्हणालात. मला नाही चालत.

४१ व्या वर्षी निदान होतं. मोठ्या माणसांची चाचणी होते, आणि मोठी माणसं वाचायला शिकतातही. मुलांपेक्षा सावकाश, पण त्यांना कशासाठी शिकायचं ते माहीत असतं. तुम्हाला काय शिकायचंय तेही ठरलेलं आहे: लॉगबुक. त्यात रोज येणारे शब्द किती? पंप, बेअरिंग, लीकेज, प्रेशर, बदलला, तपासला, चालू, बंद. साठ-सत्तर शब्दांची वही करा आणि मुलाच्या विशेष शिक्षकांना विचारा, मला पंधरा दिवसांतून एकदा बसवाल का? नाही म्हणाले तर दुसरे विचारा. दरम्यान फोन आहेच. मराठीत बोललेलं तो लिहून देतो आणि लिहिलेलं वाचून दाखवतो. तुम्ही मला निरोप पाठवलात तसंच लॉगबुकही आधी बोलून, मग बघून उतरवता येईल. साहेबांना ते कधी सांगायचं हे तुम्ही ठरवा. माझ्या मते वही अर्धी झाल्यावर.

पण लॉगबुकपेक्षा ती काठी जास्त जुनी आहे. इंडिकेटरसमोर छातीत धडधडतं ते स्लो-फास्ट कळत नाही म्हणून कमी, आणि शेजारच्याला विचारलं तर तो काय म्हणेल म्हणून जास्त. यासाठी बोलायला माणूस लागतं. मुलाला तीन शनिवार नेलंत, चौथ्या शनिवारी स्वतःसाठी वेळ मागा. तिथे जायचा धीर लगेच होत नसेल तर मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस ही फोन हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, सरकारी, फुकट, दिवस-रात्र कधीही, मराठीत बोलता येतं. स्टेशनवर उभे राहून मला सांगितलंत तसंच त्यांना सांगा. लिहायला काही लागत नाही.

राहिला मुलगा. त्याला सांगायचं का? सांगायचं. पण समोर बसवून, गळा साफ करून नको. मुलं अशा वेळी घाबरतात की आता कुणीतरी आजारी आहे. पुढच्या शनिवारी थेरपीनंतर ‘आत काय केलंस?’ विचारू नका, सांगायचं तर तो सांगेल. तलावपाळीला एक चक्कर मारा, काहीतरी खाऊ द्या त्याला. (मामलेदारची मिसळ नको, नऊ वर्षांच्या पोराला झेपायची नाही.) परत जाताना नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघत उभे राहाल, तेव्हा इंडिकेटरकडे बोट दाखवून त्याला ते सांगा जे मला सांगितलंत: इथून कुठलीही गाडी घ्या, घणसोलीला थांबते, म्हणून बाबांना हा प्लॅटफॉर्म आवडतो. तो विचारेल, म्हणजे काय? नऊ वर्षांचा आहे, विचारणारच. मग पुढचं तुमचं तुम्ही सांगाल.

तो काय म्हणाला ते मला कळवा. बोलूनच कळवा.